ल्वारचं खोरं: दिवसाला दोन शातो, त्याहून जास्त नाही

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्याची सहल बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते. तीन दिवसांत नऊ शातो, म्हणजे राजेरजवाड्यांचे जुने वाडे-किल्ले, कोंबलेले असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या फायरप्लेस, सगळे पलंग आणि सगळे लुई राजे सारखेच दिसायला लागतात. पाय दुखतात, दोन वाजून गेल्यामुळे कुठे जेवण मिळत नाही आणि वाइनवाल्याच्या दाराला कुलूप असतं. हा प्रदेश तिथल्या वेळापत्रकाने चालतो. रेल्वे, स्वयंपाकघर, वाइनचं तळघर, प्रत्येकाचे तास ठरलेले आहेत. ते सांभाळले तर दिवसाला दोन शातो, एक निवांत जेवण आणि एक तळघर आरामात होतं. त्यापलीकडे ओढाताण आहे.

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या किंचित वर. इथे तिचा फक्त मधला तुकडा घेतला आहे: ब्ल्वा, आंब्वाझ, तूर आणि शिनाँ. पश्चिमेला आंझे आणि नाँत, पूर्वेला साँसेर, या वेगळ्या सहली समजाव्यात. युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून घेतलेला पट्टा याहून बराच लांब आहे, पण पहिल्या खेपेला चार रात्रींत एवढंच नीट होतं.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी शातो पाहून मग जेवायला बसता येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी असते. नाशिककडच्या लोकांना हे उलटं वाटेल, कारण आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च. तिथे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी वर्षातून एकदाच होते आणि एप्रिलमध्ये डोळे फुटले की दहिवराची भीती सुरू होते. मात्र तोडणीच्या दिवसांत वाइन करणारा माणूस स्वतः कामात बुडालेला असतो. गप्पा मारत वाइन चाखायची असेल तर मे-जून बरा.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि उन्हाची लाट आली तर जुन्या हॉटेलांत एसी नसतो. बुकिंग करताना हे विचारून घ्यावं. नोव्हेंबर ते मार्च मोठे शातो उघडे असतात, पण लहान शातो आणि हंगामी बस बंद होतात, बागा उघड्याबोडक्या दिसतात आणि दगडी दालनांत थंडी हाडापर्यंत जाते. १ मे ही तारीख टाळावी: त्या दिवशी बस, दुकानं, रेस्टॉरंट, काहीच धड चालू नसतं.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस सेंटरची अपॉइंटमेंटच आठवडेच्या आठवडे मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करावी. प्रौढांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. सेंटरचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

सामानात खाऊ भरताना एक नियम लक्षात ठेवावा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवायचं. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, चटण्या यांची अडचण नसते. ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, तेव्हा हापूसची पेटी आणि कढीपत्ता दोन्ही बाद. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना सूट आहे.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून थेट टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, मिळते. पॅरिस शहरात जायची गरजच नाही. ती साँ-प्येर-दे-कोर या स्टेशनवर पावणेदोन-दोन तासांत पोहोचवते. पॅरिसच्या मोंपार्नासवरून तेच अंतर साधारण तासाभराचं. इथे नवखे हमखास गडबडतात: तिकिटावर ‘तूर’ लिहिलेलं असतं, पण बऱ्याच टीजीव्ही तूरच्या मुख्य स्टेशनात शिरत नाहीत. साँ-प्येर-दे-कोरला उतरून पाच मिनिटांची जोडगाडी पकडायची असते. गाडी तिथे फार थांबत नाही, म्हणून दहा मिनिटं आधीच बॅगा दाराशी आणाव्यात.

ब्ल्वा आणि आंब्वाझला जायचं असेल तर पॅरिसच्या ओस्तर्लिट्झ स्टेशनवरून जाणारी साधी गाडी सोयीची. टीजीव्हीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र सहसा बदलत नाहीत, ती तिकिटं आदल्या दिवशी काढली तरी चालतात. संप असेल तर दुसऱ्या दिवशीच्या कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास रेल्वेच्या ॲपवर कळतं. परतीच्या विमानाच्या दिवशी ते पाहायला विसरू नये.

मुक्काम: तूर की आंब्वाझ

गाडी चालवणार नसाल तर तूर. शनॉन्सो, आंब्वाझ, ब्ल्वा, अझे-ल-रिदो, शिनाँ, सगळ्या दिशांच्या गाड्या तिथून सुटतात. जुन्या गावातल्या प्लुमेरो चौकाभोवती लाकडी चौकटींची घरं आणि खाण्याच्या जागा आहेत. गाडी घेणार असाल तर आंब्वाझ किंवा आसपासचं एखादं खेडं जास्त सुखाचं. आंब्वाझचं स्टेशन नदीच्या उत्तर काठावर आणि गाव, शातो सगळं दक्षिण काठावर आहे. मधलं बेट ओलांडून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, चाकांच्या बॅगेसह थोडी जास्तच.

आंब्वाझहून शनॉन्सो रस्त्याने जेमतेम १५ किलोमीटर आहे, पण रेल्वेने सरळ जाता येत नाही. दोन्ही गावं वेगवेगळ्या मार्गांवर आहेत, त्यामुळे तूरच्या बाजूला मागे येऊन गाडी बदलावी लागते. नकाशावर जवळ दिसतं म्हणून आंब्वाझला राहायचं ठरवणाऱ्यांचा अर्धा दिवस यातच जातो. टॅक्सी, भाड्याची सायकल किंवा अर्ध्या दिवसाची मिनीबस सहल हे पर्याय आहेत. मिनीबसच्या सहली पर्यटन कार्यालयातून मिळतात आणि दोन शातो एका दुपारी दाखवून आणतात. गाडीशिवाय आलेल्या कुटुंबाला एखादा दिवस तो मार्ग परवडतो.

शनॉन्सो: पहिली गाडी पकडा

शातो नदीवर बांधलेला आहे. ल्वारवर नाही, तिला मिळणाऱ्या शेर नदीवर. तूरहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं आणि स्टेशन प्रवेशद्वाराला खेटूनच आहे. दिवसाला गाड्या मोजक्या असतात, म्हणून जातानाच परतीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवावी. बसभरून माणसं साडेदहापासून येऊ लागतात आणि तीनपर्यंत गर्दी हटत नाही. उघडायच्या वेळेला किंवा चारनंतर जावं.

आत शिरल्यावर सगळे प्रार्थनाघर आणि दियान द प्वातियेच्या खोलीपाशी अडकतात. त्यांना तिथे राहू द्यावं आणि आधी सरळ पुढे पुलावरच्या दालनात जावं. हे दालन ६० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे आणि त्याला १८ खिडक्या आहेत. पूल बांधून घेतला दियानने, राजा दुसऱ्या हेन्रीच्या प्रेयसीने. १५५९ मध्ये राजा गेल्यावर त्याची राणी कातरीन द मेदिचीने तिला इथून हलवून शोमाँचा शातो दिला आणि पुलावर हे दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी जर्मनव्याप्त आणि बिनव्याप्त फ्रान्सची सीमा होती. मुख्य दार व्याप्त बाजूला, दालनाच्या टोकाचं दार दुसऱ्या काठावर. त्यामुळे इथून माणसं पलीकडे निसटत. हंगामात ते दार उघडं असतं. पलीकडे जाऊन काठावरून मागे वळून पाहिलं की शातोचा सगळ्यात चांगला फोटो तिथून मिळतो, आणि गर्दी तिथवर येत नाही.

मग खाली स्वयंपाकघरात उतरावं. ते पुलाच्या पायांच्या आत आहे, माल थेट नावेतून चढवता येईल असं. तांब्याची भांडी, खाटकाचा ओटा, भाजण्याची सळई, सगळं जागच्या जागी आहे. लहान मुलं जिथे खरोखर रमतात अशी शातोतली ही एकमेव खोली असेल.

एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शनॉन्सो, अझे-ल-रिदो आणि व्हिलाँद्री हे तिन्ही राजाने बांधलेले नाहीत. राजाच्या खजिन्याचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांनी बांधले. पैसा कुठून आला हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. शनॉन्सो मूळ मालकाच्या मुलाला थकबाकीपोटी राजाला द्यावा लागला आणि अझेचा मालक १५२७ मध्ये पळून गेला.

शाँबोर आणि ब्ल्वा

शाँबोरची गोष्ट उलटी. पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये काम सुरू केलं आणि ३२ वर्षांच्या राजवटीत तो तिथे एकूण ७२ दिवस राहिला. शिकारीसाठी बांधलेला हा डोलारा ४०० पेक्षा जास्त खोल्यांचा, २८२ फायरप्लेसचा आहे. भोवतीच्या रानाची भिंतच ३२ किलोमीटर लांब. खोल्या बहुतांशी रिकाम्या आहेत, म्हणून प्रत्येक खोलीत शिरायचा हट्ट सोडावा. दोनच गोष्टींना वेळ द्यावा: मधला दुहेरी जिना आणि गच्ची. जिन्यात एकमेकांभोवती वळत जाणाऱ्या दोन वाटा आहेत. एकजण चढताना आणि दुसरा उतरताना मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण समोरासमोर येत नाहीत. याची कल्पना लिओनार्दो द विंचीची असावी असं म्हणतात, पुरावा नाही. गच्चीवर धुराड्यांचं आणि कळसांचं जंगल आहे. वरच्या मजल्यांवर जायला लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या आई-बाबांना हे आधीच सांगावं आणि कालव्यालगतच्या बाकावर बसवून द्यावं. समोरून दिसणारा देखावाही कमी नाही.

तिकिटांबद्दल: मोठ्या शातोंना माणशी साधारण पंधरा-वीस युरो धरावेत. शाँबोरला २०२६ पासून युरोपबाहेरून आलेल्यांना वेगळा, चढा दर आहे. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यांनी तोच धरून हिशेब करावा. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी असतो. सुटकेस घेऊन कुठेच आत सोडत नाहीत.

शाँबोरला रेल्वे नाही. ब्ल्वा स्टेशनवरून हंगामात बस जाते, अंतर १६ किलोमीटर. बस दिवसातून थोड्याच असल्यामुळे दिवसाची आखणी बसच्या वेळेभोवती करायची. सकाळची बस, शाँबोर, दुपारी परत, मग ब्ल्वाचा शातो. तो स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. एकाच अंगणाभोवती चार वेगवेगळ्या काळांतल्या चार इमारती उभ्या आहेत. मध्ययुगीन दालनापासून सतराव्या शतकातल्या कोऱ्या, शिस्तबद्ध दर्शनी भागापर्यंत, अंगणात उभं राहून एक गिरकी घेतली की वास्तुशैली कशी बदलत गेली ते कळतं. दुसऱ्या मजल्यावर तिसऱ्या हेन्रीने डिसेंबर १५८८ मध्ये आपला प्रतिस्पर्धी, गीझचा ड्यूक, याचा खून करवला. हातात एकच दिवस असेल आणि शातो एकच पाहायचा असेल तर शाँबोरऐवजी ब्ल्वा घ्यावा, हे आमचं मत. अनेकांना ते पटत नाही.

बाकीचे, थोडक्यात

आंब्वाझला दोन ठिकाणं जोडून होतात. राजवाड्याच्या आवारातल्या छोट्या प्रार्थनाघरात लिओनार्दो द विंचीचं थडगं आहे. तिथून चढाने दहा-पंधरा मिनिटांवर क्लो ल्युसे, जिथे तो १५१६ पासून राहिला आणि २ मे १५१९ रोजी वारला. मुलं बरोबर असतील तर क्लो ल्युसेच्या बागेतली त्याच्या यंत्रांची मोठी प्रतिरूपं चालवून बघण्यात दोन तास जातात. आठवा शार्ल राजा याच आंब्वाझच्या वाड्यात १४९८ मध्ये दाराच्या चौकटीवर डोकं आपटून गेला. जुन्या दारांतून वाकूनच जावं.

व्हिलाँद्रीला बागेसाठी जायचं. बागेचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं, तेच घ्यावं. तिथली भाजीची बाग नऊ चौकोनांची आहे. कोबी, बीट, पालेभाज्या रंगांच्या हिशेबाने लावलेल्या. लागवड वर्षातून दोनदा बदलते. आधी वरच्या सज्ज्यावरून आखणी पाहावी, मग खाली उतरावं. उलट केलं तर नुसते वाफे दिसतात.

अझे-ल-रिदो आँद्र नदीतल्या बेटावर आहे, छोटा आणि तासाभरात होणारा. स्टेशनपासून दोनेक किलोमीटर चालावं लागतं. शिनाँ मात्र खरा किल्ला: टेकाडावर, तटबंदीसह. सह्याद्रीतले गड फिरलेल्यांना इथे ओळखीचं वाटेल. जोन ऑफ आर्क १४२९ मध्ये सातव्या शार्लला इथेच भेटली.

तळघरात

खोऱ्यातला पांढरा मऊ चुनखडक, ज्याला तिथे त्युफो म्हणतात, हे सगळ्याचं मूळ आहे. शातो त्यातूनच बांधले. दगड काढून ज्या गुहा उरल्या त्यांत वाइन, अळंबी आणि कधीकाळी माणसंही राहिली. आत वर्षभर साधारण १२ अंश तापमान असतं. बाहेर ३५ असलं तरी हातात स्वेटर असू द्यावा, नाहीतर तिसऱ्या ग्लासापर्यंत दात वाजायला लागतात.

पांढरी वाइन म्हणजे व्हूव्रे आणि माँलुई. तूरच्या पूर्वेला, ल्वारच्या समोरासमोरच्या काठांवर ही गावं आहेत. दोन्हीकडे द्राक्ष एकच, शेनिन ब्लाँ. नाशिकला २००० सालापासून बाटलीत मिळणारं तेच द्राक्ष, पण चव पाहून ओळखीचं वाटेलच असं नाही. थंड हवेमुळे आंबटपणा टिकून राहतो, आणि त्या आंबटपणाच्या जोरावर चांगली व्हूव्रे दशकानुदशकं टिकते. बाटलीवर द्राक्षाचं नाव सहसा नसतं, फक्त गावाचं असतं. म्हणून पुढचे शब्द बघायचे: ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ किंचित गोड, ‘म्वालू’ गोड. ‘पेतियाँ’ किंवा ‘मेथोद त्रादिसिओनेल’ असेल तर बुडबुड्यांची. काही लिहिलेलं नसेल तर विचारावं. कोरडी समजून गोड बाटली उघडली जाते ती याच कारणाने. मसालेदार मराठी जेवणाबरोबर दमी-सेक जितकी जमते तितकी कोरडी जमत नाही.

लाल वाइन शिनाँ आणि बुर्गय या भागांत होते, काबर्ने फ्रां या द्राक्षाची. ती कोमट प्यायली तर कडवट लागते. १४ ते १६ अंश बरे, म्हणजे किंचित गार.

जायची पद्धत अशी. लहान द्राक्षबागायतदारांकडे आधी फोन किंवा मेल करून वेळ घ्यावी. दारावर ‘सुर राँदेव्हू’ लिहिलेलं असेल तर न सांगता गेल्यास कोणी भेटत नाही. बारा ते दोन जेवणाची सुट्टी पाळली जाते आणि रविवारी बरेचजण बंद असतात. सकाळी दहा-अकरा ही सगळ्यात चांगली वेळ, जीभ ताजी असते. आत शिरताच ‘बाँझूर’ म्हणावं. न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि पुढचा सगळा सूर त्यावर ठरतो.

चाखण्याचा क्रम ते स्वतःच लावतात: बुडबुड्यांची, कोरडी, मग गोड. लाल असेल तर गोडच्या आधी. गोड मध्येच मागितली तर पुढच्या कोरड्या वाइनचा घात होतो. प्रत्येक ग्लासात तीन-चार घोट एवढीच वाइन असते आणि शेजारी थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात संकोच करू नये, तिथले जाणकार तेच करतात. पाच-सहा वाइन गिळून दुपारी शाँबोरचा जिना चढवत नाही. लहान ठिकाणी चाखणं बहुधा फुकट किंवा काही युरोत असतं आणि त्या बदल्यात एखाद-दोन बाटल्या घ्याव्यात ही रीत आहे. दारू न पिणाऱ्यांनी बरोबर जायला हरकत नाही. गुहा बघण्यासारखी असते आणि काहीजण द्राक्षाचा रसही करतात.

ताटात काय

रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते नऊ चालतं. पावणेदोनला पोहोचलात तर वेटर घड्याळाकडे बघतो, सव्वादोनला गेलात तर नकारच येतो. रविवारी रात्री आणि सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, त्या जेवणांचं आधी ठरवावं. पैसे वाचवायचे तर मुख्य जेवण दुपारी घ्यावं. फळ्यावर लिहिलेलं ‘फोर्म्युल’ दोन किंवा तीन पदार्थांचं असतं आणि रात्रीच्या मेन्यूपेक्षा बरंच स्वस्त पडतं. ‘उन काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येते आणि बिलात लागते. टिप देणं सक्तीचं नाही, सेवाशुल्क बिलात धरलेलंच असतं.

इथला मानाचा पदार्थ म्हणजे शेळीच्या दुधाचं चीज, साँत-मोर-द-तुरेन. हातभर नव्हे, वीतभर लांबीची, राखेने करडी झालेली गुंडाळी, आणि तिच्या मधोमध आरपार राय (गव्हासारखं धान्य) या पिकाची काडी. काडी गुंडाळी मोडू नये म्हणून असते आणि तिच्यावर चीजचं नाव व करणाऱ्याचा क्रमांक कोरलेला असतो. बाजारात काडी नसलेली किंवा कोरी काडी असलेली गुंडाळी दिसली तर ती दुसरंच काही आहे असं समजावं. कापण्याआधी काडी हळूच ओढून काढायची. राखेसकट साल खातात. ताजं घेतलं तर दह्याच्या चक्क्यासारखं सौम्य, तीन-चार आठवडे मुरलेलं घेतलं तर घट्ट आणि तिखट. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी मधलं, ‘दमी-सेक’ (चीजच्या बाबतीत अर्धवट सुकलेलं), मागावं. आणि बरोबर कोरडी व्हूव्रे.

मांसाहारींसाठी रियेत: डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून रेषा सुटेपर्यंत मऊ केलेलं, थंड आणि पावावर लावून खायचं. रियाँ म्हणजे त्याच पद्धतीचे मोठे तुकडे. नदीतला ‘साँद्र’ नावाचा मासा पांढऱ्या लोण्याच्या सॉसमध्ये मिळतो आणि काट्यांचा त्रास देत नाही. गोडात तार्त तातां, सफरचंदाची उलटी करून भाजलेली तार्त. ती ब्ल्वाच्या दक्षिणेकडच्या सोलोन्य भागातली.

गुहांमधल्या खानावळींत फुए मिळतात. कणकेची छोटी गोळी धगधगत्या भट्टीत टाकली की तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगते. ती गरमागरम चिरून आत पांढरे घेवडे, शेळीचं चीज किंवा रियेत भरतात. मुलांना हे जेवण हमखास आवडतं.

शाकाहारींनी तयारीने जावं. ‘सलाद’ म्हटल्यावरही त्यात बेकनचे तुकडे येतात, ‘लार्दाँ’ हा शब्द मेन्यूत शोधावा. सूप बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. मूस आणि पन्ना कोत्तासारख्या गोडात जिलेटिन असू शकतं. पारंपरिक चीजमध्ये सहसा वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं विरजण, ‘प्रेझ्युर’, वापरतात. साँत-मोरही त्यात आलं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सुपरमार्केटमधलं, वनस्पतीजन्य विरजण लिहिलेलं पाकीट बघावं. सांगताना ‘वेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नये, कारण काहींच्या समजुतीत मासे त्यात बसतात. ‘नी व्याँद, नी प्वासाँ’, मांसही नाही, मासेही नाही, असं म्हणावं. अंडं चालत नसेल तर ‘नी उफ’ जोडावं. रेस्टॉरंटला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर बहुतेक स्वयंपाकी नीट काहीतरी करून देतात. ऐनवेळी सांगितलं तर ऑम्लेट किंवा चीज-सलाद एवढंच हाती येतं. जैन जेवण बाहेर मिळवणं अवघड. त्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. डाळी, काबुली चणे, दही, ताज्या भाज्या सगळं मिळतं. आंब्वाझचा रविवार सकाळचा नदीकाठचा बाजार यासाठी उत्तम, पण एकच्या सुमारास तो उठतो. रविवारी दुपारनंतर बरीच सुपरमार्केटंही बंद होतात, तेव्हा सोमवारची भाजी सकाळीच घ्यावी.

गाडी आणि सायकल

गाडी घ्यायची तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावं आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवावं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगावं, ऐनवेळी गिअरचीच मिळते. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

वाहतूक उजवीकडून. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी लागली की तिथून ५० ची मर्यादा सुरू, तीच पाटी तिरकी रेघ मारलेली दिसली की संपली. बाहेरच्या रस्त्यांवर साधारण ८०, मोटरवेवर १३० आणि पावसात ११०. कॅमेरे भरपूर आहेत आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी पोहोचतो. गल्लीतल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो छोट्या गल्लीतून येत असला तरी. आपल्या सवयीमुळे हाच नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नव्या चालकांना ०.२. चालवणाऱ्याने थुंकायच्या भांड्याशी इमान राखावं किंवा त्या दिवशी चाखूच नये.

सायकलवाल्यांसाठी ‘ल्वार आ वेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा आखलेला मार्ग आहे, जवळजवळ सपाट. आंब्वाझ ते तूर पंचवीसेक किलोमीटर, मध्ये माँलुईला थांबून, हा सुटसुटीत टप्पा. पश्चिमेकडून वारा येतो, त्यामुळे तूरहून आंब्वाझकडे जाताना पाठीवर वारा असण्याची शक्यता जास्त. परत येताना सायकल रेल्वेत चढवता येते, पण उन्हाळ्यात जागा भरते.

बाटल्या परत आणताना

भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी धरली की सव्वादोन होतात आणि जास्तीच्या भागावर जबर शुल्क लागतं. तिसरी आणायचीच असेल तर गोड वाइनची अर्धी, ३७५ मिलिलिटरची बाटली घ्यावी. तेवढी हिशेबात बसते. बाटल्या चेक-इन सामानातच. प्रत्येकीला आधी प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर जाड कपडे, आणि सुटकेसच्या मध्यभागी, कडांपासून दूर. बुडबुड्यांच्या बाटल्या जाड काचेच्या असतात, त्या साध्या बाटल्यांपेक्षा प्रवासात कमी फुटतात, पण वजनाला जड. चीज न्यायचं तर दुकानात ‘सू व्हीद’ म्हणून सांगावं, हवा काढलेल्या पाकिटात बंद करून देतात. नाहीतर विमानातून उतरेपर्यंत सगळ्या कपड्यांना शेळीचा वास लागलेला असतो.